दालनात आलेली बाई

हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. माझ्या बायकोला, सुजाताला, ही गोष्ट ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, पण तिला जी ठाऊक आहे ती वेगळीच आहे, आणि ती इतकी चांगली आहे की — पण थांबा. शेवटाकडून सांगायला लागलो की मला पळवाट सापडते.

आत्यापासून सुरू करतो.

मी महाडजवळच्या गावातला. शाळा तालुक्याला झाली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती मला मिळाली ती आत्यामुळे. वडिलांची ही थोरली बहीण चिंचपोकळीला चाळीतल्या एका खोलीत एकटी राहायची. नवरा गेलेला, मूल नाही. परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. तिनं मला आठ वर्षं सांभाळलं. कामावरून आली की आधी माझा डबा, मग तिची झोप. कॉलेजच्या प्रवेशाला रजा टाकून ती माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली, आणि खिडकीतल्या माणसानं फॉर्म आमच्याकडे भिरकावला तेव्हा म्हणाली, "साहेब, हातात द्या. कागद हाय तो, कचरा नाय." मी तेव्हा खाली बघत होतो.

एम.ए. झाल्यावर मला फोर्टमधल्या एका लहानशा खासगी वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. वस्तूंची नोंद करायची, लेबलं लिहायची. हे काम मला मनापासून आवडतं, अजूनही. अशा ठिकाणी वागायचं कसं, ते मी आधीच शिकून ठेवलं होतं. कॉलेजात असताना शनिवारी मी एकटाच काळ्या घोड्याच्या बाजूच्या कलादालनांत जायचो आणि चित्रांपेक्षा माणसं जास्त बघायचो. ती हात मागे बांधतात. चित्राच्या जवळ जातात, मग दोन पावलं मागे येतात. हळू बोलतात. कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर देत नाहीत. हे सगळं मी उचललं. इतकं की कधीकधी घरी आल्यावरही माझे हात मागेच बांधलेले असायचे, आणि आत्या विचारायची, "काय रे नित्या, इन्स्पेक्शनला आलायस का?"

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, गणपतीच्या आठवड्यात, आमच्या मॅडमनी सहज विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो?"

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गणपती बसत नाही — एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "दीड दिवसाचा."

का म्हणालो? मॅडम भल्या आहेत. मला कुणी कधी काही बोललेलं नव्हतं. फक्त एकदा जेवताना कोट्यातून आलेल्या लोकांवर कुणीतरी विनोद केला होता आणि सगळे हसले होते. मीही हसलो होतो. पुढच्या वर्षी मॅडम म्हणाल्या, "यंदा मोदक आणा हं." मी दादरच्या दुकानातून एकवीस मोदक घेतले, रस्त्यातच कागदी खोका फेकला आणि ते स्टीलच्या डब्यात भरून नेले. "आईच्या हातचे का?" "हो." मग दर वर्षी. आता वळायचं कुठं? पहिल्या दिवशी एका वाक्याचं काम होतं. तिसऱ्या वर्षी त्यासाठी सगळा माणूसच खोटा ठरवावा लागला असता. दर भाद्रपदात मी माझ्याच दाराला आतून आणखी एक कडी लावत गेलो.

सहा वर्षांपूर्वी संस्थेनं आम्हा काही जणांना हिमालयातल्या एका शहरात कार्यशाळेला पाठवलं. शहराचं नाव लिहीत नाही, त्या शहराचा काही दोष नाही. आत्या तेव्हा निवृत्त झाली होती. म्हणाली, "मला ने की. बर्फबिर्फ नको मला. तू दिवसभर करतोस काय, ते अजून मला कळलेलं नाय. ते बघायचंय."

मी तिला नेलं. प्रेमानंच नेलं, हे खरं आहे. पण तिची खोली मी कार्यशाळेच्या हॉटेलापासून लांब, वरच्या बाजारातल्या एका लॉजमध्ये घेतली. आम्ही एक दिवस आधी पोचलो. मॅडमना सांगितलं, एकटाच येतोय. आत्याला सांगितलं, आमच्या कार्यक्रमात बाहेरच्यांना येऊ देत नाहीत.

"बरं," ती म्हणाली, "मी बाहेरची." आणि हसली.

तो आधीचा दिवस आमचा होता. मी तिला तिथलं एक कलादालन दाखवलं. खिडक्यांतून बाहेर पर्वत दिसत होते आणि भिंतींवर पर्वतांचीच चित्रं.

"खिडकीतनं फुकट दिसतंय, तेच आत तिकीट काढून बघायचं?"

"आत्या, हळू."

"का? झोपलंय का कोण?"

एका चित्रापुढे मात्र ती बराच वेळ थांबली. पाठीवर लाकडांचा भारा घेतलेली एक बाई होती. आत्या म्हणाली, "काढणारा बसून काढत असणार. ही बिचारी भारा घेऊन उभी. तिला म्हणाला असेल का तो, बाई, जरा खाली ठेव?" त्या चित्राबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही. तरी तेव्हा माझं लक्ष शेजारचं जोडपं वळून बघतंय का, याकडेच होतं.

संध्याकाळी चहा पिताना मी जरा फुशारकी मारली. इथल्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर बुद्धाची एक जुनी दगडी मूर्ती आहे, उद्या तिच्यावर मीच बोलणार आहे, सगळ्यांसमोर. आत्या ऐकत राहिली. "भगवंतावर तू बोलणार," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी त्या मूर्तीपाशी उभा होतो. समोर पंधराएक जण, त्यात आमच्या मॅडम. मी मूर्तीच्या उजव्या हाताबद्दल बोलत होतो — तळवा पुढे केलेला, भिऊ नका असं सांगणारा. आणि दालनाच्या दारात आत्या दिसली.

पांढरी साडी नेसली होती. विहारात जाताना नेसायची ती. लॉजवाल्याला विचारत, चढ चढून, तिकीट काढून ती एकटी आली होती. मी बोलणार ते ऐकायला. तिनं दाराबाहेर चपला काढल्या — संग्रहालयात चपला काढायच्या नसतात, पण आत भगवंत असताना ती चपला घालून कशी येईल? त्या थंडगार फरशीवरून ती अनवाणी चालत आली, माझ्याकडे बघून किंचित हसली, गुडघे टेकले, डोकं तीनदा जमिनीला लावलं आणि त्रिशरण म्हणायला लागली. मोठ्यानं. आमच्या चाळीतल्या प्रत्येक पोराला पाठ असलेल्या त्याच चालीत. माझे ओठ हलायला लागले होते. मी ते दाबून धरले.

गार्ड आला. "माताजी, यहाँ पूजा नहीं करते. उठिए." मग आमच्याकडे वळून, "किसके साथ हैं ये?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी लेबलाकडे बघत होतो. ते मला पाठ होतं, तरी वाचत होतो.

मॅडम म्हणाल्या, "या तर आपल्याकडच्या दिसतात. नितीन, तुम्ही ओळखता का यांना?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. त्या म्हणाल्या, "अं?" म्हणजे मला दुसरी संधी मिळाली होती. मी म्हणालो, "नाही, मॅडम."

आत्या गुडघ्यावर हात रेटून उठली. गार्डला म्हणाली, "कोई नहीं साथ में. अकेलीच आई मैं. हाथ जोडे, हो गया मेरा." आणि मॅडमकडे बघून मराठीत, "चालू द्या तुमचं. पोरगा चांगला सांगतोय."

ती गेली. मी बोलत राहिलो. अजून वीस मिनिटं बोललो, आणि चांगलं बोललो. शेवटी टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी लॉजवर गेलो तेव्हा ती पिशवी भरून बसली होती. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर! तिनं विचारलं, "जेवलास?" मी हो म्हणालो. तेही खोटं होतं.

मुंबईला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी चाळीच्या सज्ज्यात चार बायका जमल्या, आणि आत्या सांगू लागली. "आमच्या नित्यानं काय केलं माहितीय? सगळ्या साहेबलोकांसमोर मला पुढं बोलावलं. म्हणाला, ही माझी आत्या, हिनं मला शिकवलं. मग भगवंताला सगळ्यांनी हात जोडले." मी तिथेच कपबशी घेऊन उभा होतो. एक बाई म्हणाली, "पोरगा असावा तर असा." दुसरी म्हणाली, "आमचा बघा, बापाला स्टेशनवर ओळख देत नाय." सगळ्या हसल्या. मी त्यांना काय सांगणार होतो? खरं सांगितलं असतं तर आधी आत्या खोटी पडली असती.

ती मला झाकत होती? की कोंडत होती? सहा वर्षं मी याचा विचार केलाय. तिनं एकांतात माझ्याशी तो विषय कधी काढला नाही, आणि मला काढायला जागा ठेवली नाही. मला बघायला सुजाता आणि तिचे वडील आले, तेव्हा आत्यानं हीच गोष्ट सांगितली. सुजाता नंतर मला म्हणाली, "तिथंच मी हो म्हटलं." विहारात दहावी झालेल्या मुलांसमोर मला बोलायला उभं केलं, तेव्हा ओळख करून देणाऱ्यानं हीच गोष्ट सांगितली. एवढी वर्षं मी एकच केलं — स्वतःच्या तोंडानं ती कधी सांगितली नाही. मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. मला वाटायचं, निदान एवढं तरी मी सांभाळलंय.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. न्यूमोनिया झाला, आणि चार दिवसांत, ती नोकरीला होती त्याच हॉस्पिटलात गेली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पायाशी बसलो होतो, ती जागी होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, त्या दिवशी —" तिनं डोळे मिटले. झोप आली म्हणून, की ऐकायचं नव्हतं म्हणून? मी तिला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी उठवायला ती नव्हती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चाळीच्या अंगणात झाला. मांडव, पांढऱ्या साड्या, आत्याचा फोटो, वंदना. एकेक जण उठून तिच्या आठवणी सांगत होता. मग आयोजकांनी माइक माझ्यापुढे धरला. "नितीन, ती डोंगरातल्या म्युझियमची गोष्ट तू सांग. तिच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलीय. आज तुझ्या तोंडून."

सुजाता पहिल्या रांगेत होती. गावाहून आलेले वडील होते. त्या चारही बायका होत्या. झाकायला किंवा कोंडायला आता आत्या नव्हती. खरं सांगायला तोच दिवस होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी माइक घेतला आणि सांगितलं — मी सर्वांना थांबवलं, आत्याचा हात धरून तिला पुढे आणलं, म्हणालो, ही माझी आत्या. आणि जे आत्यानंही कधी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनानं जोडलं. मी सांगितलं की मग मीही तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि तिच्याबरोबर त्रिशरण म्हटलं. माझा आवाज भरून आला होता. वडील रडत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. आधी घेतलेल्या रजेचा अर्ज भरायचा राहिला होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "घरगुती काम."