कडूकंदाचं पान

कादरचाचा आधी झाडाला सलाम करायचे, मग त्याचं चित्र काढायला बसायचे. तोडलेली फांदी त्यांना चालत नसे. "मेलेल्याचा मुखडा खरा नसतो, बेटा," म्हणायचे. एक तर झाडापाशी जाऊन बसायचं, नाहीतर मुळासकट कुंडीत आणायचं आणि काम झालं की जिथलं तिथं परत लावून यायचं.

मी लग्न होऊन बेगमपुऱ्यात आले, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेव्हा ते आमच्या शेजारी एकटेच राहत. छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांत जमिनीवर लिनोलियम असायचं, मेणकापडासारखंच पण लई जाड. ते उखडलं की चाचा तुकडे मागून आणत, उन्हात मऊ करत आणि छत्रीच्या मोडक्या काड्या घासून केलेल्या कोरण्यांनी त्यात वनस्पती कोरत. शाई काजळी आणि जवसाच्या तेलाची. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला, की अडुळसा असा उमटायचा की सासूबाई म्हणायच्या, आता याचाच काढा करते.

शहरातले एक हकीमसाहेब शागिर्दांसाठी त्यांच्याकडून किताब करून घेत होते. चाचांना एकच धास्ती. "एक पान खोटं निघालं, तर समदी किताब खोटी." शेवटचं पान उरलं ते कडूकंदाच्या वेलीचं, आणि तेवढ्यात मोतीबिंदूनं डोळे गेले. डोळ्यांवरच्या औषधाची झाडं त्यांनीच कोरलेली. सगळी करून पाहिली. गुण आला नाही.

वेल दौलताबादच्या डोंगरातून आधीच आणून कुंडीत लावलेली होती. तिची ओळख तिच्या वळण्यात. गोड कंदाची वेल काठीवर एका बाजूनं वळत चढते, ही दुसऱ्या. चाचांनी ती चाचपून चाचपून बोटांच्या अंदाजानं कोरली आणि मला हाक मारली.

"बघ बेटा, बराबर आहे का."

मी कुंडीतली वेल पाहिली, तुकडा पाहिला. म्हटलं, "चाचा, ही उलटी चढलीय."

त्यांनी तुकड्यावरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. "माझी बोटं तर बराबर म्हणतात. पण डोळे तुझे आहेत."

एकच तुकडा शिल्लक होता. त्यावर आठ दिवस खपून त्यांनी वेल पुन्हा कोरली. पहिला तुकडा मला चुलीत घालायला दिला, आणि मी घातला.

नव्या छापाचा कागद उचलला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. कोरलेलं उलटंच असावं लागतं. कागदावर ते सुलटं होतं. म्हणजे पहिलाच तुकडा बरोबर होता, आणि आता कागदावर वेल उलटी चढली होती. मी आजवर नुसते छापच पाहिलेले, आणि त्यांना वाटलं, एवढं तर हिला ठाऊक असणारच.

"आली का बराबर?" काजळीनं भरलेले हात तसेच पुढं धरून त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

हकीमसाहेबांचा माणूस आला तेव्हा बाकीची पानं मी बांधून दिली, आणि एक छाप बिघडला म्हणून दारातच हळू आवाजात सांगितलं. ते पान माझ्या पेटीत शालूखाली गेलं. वेल मात्र चाचांनी आमच्या ह्यांना धाडून डोंगरात परत लावून घेतली. त्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यांच्या किताबीत एक पान कमी आहे. खोटं एकही नाही. एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं, तर आधी बाकीचं सांगावं लागलं असतं.