टूलनं लाल केलेल्या ओळी

एका इस्पितळाच्या वेबसाइटची रंगरंगोटी एका बाईकडे होती. म्हणजे अक्षरं केवढी, रंग कुठला, हे ठरवणाऱ्या कोडच्या ओळी तिच्या ताब्यात. बारीकसारीक गोष्टींची चौकशी करायची भारी खोड, म्हणून सगळे तिला चौकशीताई म्हणत.

येणाऱ्या-जाणाऱ्यानं भर घालून त्या ओळींचा नुसता गुंता केलेला. मग तिला तपासणीचं एक टूल मिळालं. साइट उघडून फिरायचं, की वापरात न आलेल्या ओळी ते लाल करून दाखवी. बाई हरखलीच! पान न् पान पालथं घातलं, आणि लाल दिसली ओळ की उडव. साइट कशी पटकन उघडायला लागली.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या खिडकीवरून फार्मासिस्टचा फोन आला.

"ताई, जरा खाली या. साइटवरून औषधांचा कागद छापून दिला, तर एक आजी रडतायत. वाचताच येत नाही म्हणे. मागचा तर घडाघडा वाचला होता!"

दुसरी कुणी म्हणाली असती, चष्मा बदला. हिला कुठलं राहवतंय! गेली धावत.

आजी एकट्या राहायच्या. डोळे गेले, आता गोळ्या चुकणार, या धास्तीनं त्यांनी लेकाला फोन केला होता: घर बंद करू, मला घेऊन जा. लेक निघालाही होता.

"आजी, जुना कागद आहे का हो?"

पिशवीतून निघाला. त्यावर अक्षरं ही एवढाली, नव्यावर मुंगीएवढी. असं का बरं? दोन्ही कागद शेजारी ठेवून बाई बघत राहिली, आणि एकदम ट्यूब पेटली. टूल बघतं ते पडद्यावरचं. छापताना अक्षरं मोठी करणाऱ्या ओळी पडद्यावर कशाला लागतील? त्यानं त्या लाल केल्या, आणि हिनं डोळे मिटून उडवल्या. एकदा छापून बघायला काय झालं होतं! तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"आजी, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. घोळ माझा आहे."

वर पळाली, ओळी परत घातल्या, नवा कागद छापून आणला. तोवर लेक येऊन ठेपला होता.

"चल आई, सामान बांधू."

"थांब जरा." आजींनी कागद समोर धरला. "सकाळी जेवणाआधी पांढरी एक. रात्री पिवळी अर्धी." शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला, घडी घातली.

"आलाच आहेस तर घरी चल, चहा करते," त्या लेकाला म्हणाल्या. "मग तुझा तू जा."