अक्कानं हात कुठं ठेवला?

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, उचगावच्या सुमतीअक्कावर. १९५२ साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात.

अक्का चोवीस वर्षांची. तिला चार-दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. गाव तिला खुळी म्हणतं. दोन दिवस तिनं भाकरीला हात लावला नव्हता.

"कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं. अक्का उठली आणि तिनं डॉक्टरांच्याच पोटावर हात ठेवला.

"आवरा हिला!" ते खुर्चीसकट मागं सरले. "दुखणं पोटाचं नाही, डोक्याचं आहे. हट्टानं जेवत नाही. घरी न्या."

आई म्हणाली, "अवो डाक्तर, अंग तापलंय की तिचं!" तोवर त्यांनी पुढचा पेशंट बोलावला होता.

आता माझा गुन्हा सांगते. अक्का स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर दाखवते. दाढ ठणकली की आमचा गाल धरते. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाकावरची माणसं हसत होती, मला लाज वाटली. मी गप्प बसले.

मंगळवारी ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. बुधवारी टांग्यानं दुसऱ्या दवाखान्यात नेली. तिथल्या नर्सबाईंच्या पोटावर, उजवीकडे खाली, अक्कानं हात ठेवला. बाई हसल्या, "काय बघतीस गं? पोरगं न्हाई आत, नुसता च्या हाय!"

या वेळी मी तोंड उघडलं. "बाई, ते तुमचं नाही, तिचं दुखतंय."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी अक्काच्या पोटावर नेमकं तिथंच दाबलं आणि हात उचलला. अक्का किंचाळली. अर्ध्या तासात सर्जन आले. अपेंडिसायटिस, म्हणजे आतड्याच्या शेपटीला सूज. ऑपरेशननंतर ते म्हणाले, "फुटायच्या बेतात होतं. सोमवारीच का नाही आणलीत?"

आणली होती.

पुढं रोज सकाळी नर्सबाई अक्कासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज कुठं गं?" रोज हात पोटावर जायचा. टाके निघाल्यावर दोन दिवसांनी अक्कानं त्यांना नीट न्याहाळलं आणि हात पदराखाली घेतला. कुठंच नाही.

त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. पण प्रत्येक दवाखान्यात त्या नसतात.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात असं माणूस असेल, तर ते दुखणं कसं दाखवतं हे केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहून घ्यायला लावा. डॉक्टर वेळ नाही म्हणोत, बाकावरचे हसोत. लिहिल्याशिवाय उठू नका.