पाण्याचा रिपोर्ट अन् गुरम्मा काकूचा सोमवार

आमची गुरम्मा काकू उदगीरची. नवरा गेल्यापासून भुसार दुकान तिनंच चालवलं. पोत्यात टोचणी खुपसायची, मूठभर ज्वारी काढायची अन् अख्ख्या पोत्याचं सांगायची. लई वर्षं चुकली न्हाई.

सून वर्षाराणीला दिवस गेले तवा रक्ताच्या तपासणीत बाळात दोष असल्याची शंका निघाली. लातूरच्या डॉक्टरीणबाईनं पोटात सुई घालून बाळाभोवतालचं पाणी काढलं, तपासायला धाडलं. काकूला लगेच पटलं. म्हणली, "हे तर आपलंच काम हाय. मूठ काढली, माल कळला." तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. चांगला आला. काकूनं गल्लीत पेढे वाटले.

आठव्या महिन्यात सोनोग्राफी केली तर बाळ पालथं. डॉक्टरीणबाई म्हणली, बाळाचं काळीज नीट दिसंना, सोमवारी परत या. अन् सोमवारीच तर गर्भाला लिंग बांधायचं ठरलेलं; आम्हा लिंगायतांत आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या नावानं आईला इष्टलिंग बांधत्यात. गुरुपादप्पा स्वामींना सांगून झालं होतं, पाहुणे यायचे होते.

"आत्या, आधी जाऊन येऊ का?" वर्षाराणी म्हणली.

"पाणी तपासलंय की बाई. एकच पोतं किती बारी टोचायचं?"

सगळे हसले. लिंग बांधलं, पाहुणे जेवले. पुढं लातूरला जायचं राहूनच गेलं.

पोरगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची. दुसऱ्या दिवशी ओठ निळे पडले. काळजाच्या नळ्याच नीट जुळल्या न्हवत्या म्हणं. चौथ्या दिवशी गेली. लिंगासकट मातीत ठेवली.

काकू रिपोर्ट घेऊन लातूरला गेली. "बाई, हे खोटं निघालं."

"खरा आहे मावशी. पाण्यात जे तपासलं ते ठीकच होतं. काळजाची घडण त्यात कळत नाही. ती सोनोग्राफीत दिसते, ती पण दर वेळी नाही."

"मग त्या सोमवारी आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाई म्हणली, "दिसलं असतं कदाचित. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात केलं असतं. वाचली असती का, ते मला सांगता येणार नाही."

बसमध्ये काकू तेच घोकत आली. रिपोर्ट खरा. पोरगी गेली. दोन्ही कसं काय? मग खोटं कोण?

आता ज्वारी आली की काकू मूठ काढून बघती, अन् तरी अख्खं पोतं खाली ओतती. परवा माणिकप्पा हमाल म्हणला, "काकू, मुठीवर भरवसा न्हाई राहिला का?" काकू ज्वारी सुपात घेऊन निवडत बसली.

वर्षाराणी येऊन शेजारी बसली. म्हणली, "आत्या, त्या दिवशी मी बी हसले होते."

काकूनं तिच्याकडं बघितलं. अन् सूप थोडं तिच्याकडं सरकवलं.