सातारा ते आटपाडी, अडकणाऱ्या गिअरसह

आटपाडीला जायचं ठरलं ते गाडी देऊन टाकण्यासाठी. नव्वदच्या दशकातली, चैत्रातली गोष्ट. मिस्टरांना जाऊन सात महिने झाले होते. त्यांची जुनी पांढरी मोटार, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, दारात धूळ खात उभी होती. सांगलीचे धाकटे दीर, सुरेशभावजी, फोनवर म्हणाले, "वहिनी, जत्रेला येताना गाडी घेऊन या. तिथून मी सांगलीला नेतो. तुम्हांला ती झेपायची नाही."

मी बरं म्हणाले. मला बरं म्हणायची सवय आहे.

जत्रा नणंदेच्या गावची, आटपाडीच्या थोडं अलीकडे. लायसन्स माझ्याकडे होतं, पण मी गाडी चालवली होती ती साताऱ्यातच, तीही रविवारी, रस्ते मोकळे असताना. शिवाय गाडीला एक खोड होती. गिअर मधेच अडकायचा. मग मिस्टर उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि मला म्हणायचे, "तू बस आत. हात काळे होतील." दहा मिनिटांनी खाटकन आवाज, बॉनेट खाली, गाडी सुरू. बॉनेटच्या पलीकडे ते नेमकं काय करायचे, हे मला कधीच दिसलं नाही.

सकाळी सहाला निघाले. कराडपर्यंत हायवे तेव्हा दोन पदरी होता. एका ट्रकच्या मागे लागलं की उंब्रजपर्यंत त्याचंच फाळकं वाचत जायचं. आता कुणी जाणार असेल तर हा टप्पा तासाभराचा आहे, मला दोन तास लागले. कराडात वळताना गिअर अडकला, तोही चहाच्या टपरीसमोर. टपरीवरचे सगळे एकदम डॉक्टर झाले.

"क्लच गेलाय."

"गिअर ऑइल संपलंय बगा."

"विकून टाका, वैनी."

एका ट्रक ड्रायव्हरने क्लच घट्ट केला, दांड्याला दोन हिसके दिले आणि गिअर कसातरी सुटला. पैसे घेईना, म्हणून डब्यातल्या दोन दशम्या दिल्या. त्याने तिथेच उभ्याने खाल्ल्या.

कडेगावच्या अलीकडे गिअर परत अडकला. आणखी हिसके, परत सुटला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मुलांना सांगायचे तसं स्वतःला सांगितलं: आधी बघ, मग बोल. पहिल्यातून दुसऱ्यात कधी अडकत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात अडकतो. तेही वळणावर, आणि मी घाबरून घाई केली तरच. क्लच सगळ्या गिअरना एकच. म्हणजे दोष क्लचचा नाही.

विट्याला स्टँडमागच्या गॅरेजात रसूलभाई म्हणून म्हातारे मिस्त्री भेटले. मी हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमी अर्दं काम केलंय. या हिकडं, बगा."

पहिल्यांदाच मी बॉनेटच्या त्या बाजूला उभी राहिले. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे संपतो, तिथे लोखंडाच्या दोन छोट्या पट्ट्या होत्या.

"ह्या दोगी जावा. शेजारी शेजारी ऱ्हायला पायजेत. घाई केली की एक पुढं जाती, एक मागं ऱ्हाती, आन मग दोगी बी आडून बसत्यात. हातानं सारख्या करायच्या. झालं." त्यांनी करून दाखवलं. खाटकन.

"एवढंच? ह्यांना दहा मिनिटं लागायची."

रसूलभाईंनी बॅटरीमागे हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी काढली. आत तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. "ही घ्या तुमची धा मिन्टं."

चार वर्षांपूर्वी मिस्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडली होती. तेव्हापासून गाडी जरा जास्तच अडकायला लागली होती, हे मला विट्यात उभं राहून आठवलं. मी हसायला लागले आणि थांबेनाच. शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला.

"ठिवू का टाकू?" रसूलभाईंनी विचारलं.

"असू दे तिथेच."

निघताना त्यांनी सांगितलं, "गिअर वढायचा न्हाई. आदी मदी आणायचा, हात सैल सोडायचा, मग तिसरा. झिजलंय, त्यामुळं अडकंल कवातरी. भ्यायचं न्हाई."

विट्याच्या पुढे भिवघाटापर्यंत रस्ता अरुंद, दोन्हीकडे उघडे माळ, मधूनच डाळिंबाची नवी बाग. पाणी बरोबर घ्या, सावली मिळेलच असं नाही. नणंदेकडे पोचले तेव्हा कटाची आमटी उकळत होती. पुरणपोळी आणि वर तूप. तिकडे पाहुण्याला नको म्हणायची सोय नसते.

या भागातले लोक गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पांगलेले. जत्रेला ते आपापल्या गाड्या घेऊन येतात. माझा भाचा दिलीप असाच केरळातून आला होता. त्याने आणि मित्रांनी कोरड्या तलावात चुन्याच्या रेघा आखून मोटारींची शर्यत ठेवली होती. प्रत्येकाने एकट्याने चार फेऱ्या मारायच्या, ड्रमला वळसा घालून. समालोचक मात्र बैलगाडी शर्यतीचाच होता.

"मामी, महिला गटात नाव घालू का?" दिलीपने विचारलं.

शेजारी सुरेशभावजी उभे होते. "वहिनी, कशाला हसं करून घेता? अडकली की मलाच यावं लागणार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हांला यावं लागलं, तर गाडी तुमची. नाही लागलं, तर माझी."

भावजी बघतच राहिले. मीही.

"महिला गटात एकच गाडी!" भोंगा ओरडला. "पयला नंबर ठरलाय, शेवटचा बी ठरलाय! सोडा गाडी!"

पहिली फेरी नीट गेली. दुसरी त्याहून बरी. मधी आणायचा, हात सैल, मग तिसरा. तिसऱ्या फेरीला लोक शिट्ट्या मारायला लागले, मी फुशारले आणि ड्रमच्या वळणावर गिअर ओढला. गच्च अडकला. इंजिन बंद.

"आरं आरं आरं! साताऱ्याची जोडी बसली!"

सुरेशभावजी चपला सावरत तलावात उतरलेले दिसले. मी दार उघडलं, बॉनेट उचललं, पदर हाताला गुंडाळून आत हात घातला. पट्ट्या तापल्या होत्या, बोट भाजलं. एक पुढे, एक मागे. पुढची दाबली. हलली नाही. भावजींच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. परत दाबली. खाटकन.

बॉनेट आपटून मी गाडी सुरू केली, तेव्हा भावजी दहा पावलांवर होते.

"सांगलीचं पाव्हणं, मैदानातनं बाजूला व्हा! गाडी आली!"

ते चुन्याच्या रेघेवरून उडी मारून बाजूला झाले. मी चौथी फेरी पूर्ण केली. बक्षीस म्हणून नारळ आणि स्टीलचा डबा मिळाला.

दुसऱ्या दिवशी भावजींना विट्याच्या स्टँडवर सोडलं. वाटेत ते गिअरकडे बघत होते. उतरताना म्हणाले, "वहिनी, तिसऱ्याला तुम्ही फार वेळ घेता."

"घेते," मी म्हणाले.

त्या प्रवासातलं काय राहिलं? बोटावर डाग राहिला. रस्ता पाठ झाला. गाडी पुढे सात वर्षं राहिली, आणि बरं म्हणण्याआधी मी क्षणभर थांबायला लागले.

साताऱ्यात घरासमोर गाडी लावली, तेव्हा शेजारच्या काकू फाटकात उभ्या होत्या. मागच्या सीटवर, मग गाडीच्या पलीकडे बघून त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर कुठाय गं? उन्हातून आलाय, चहा ठेवते त्याला."

"ठेवा," मी म्हणाले, आणि हात धुऊन त्यांच्याकडे चहा प्यायला गेले.