साडूच्या गाडीचे दाते

माझा साडू माझ्यापेक्षा उंच होता, गोरा होता आणि पंगतीत खड्या आवाजात श्लोक म्हणायचा. एवढं सगळं मी सोसलं असतं. पण त्याची मोटारसायकल बायकोसकट कार्ले खिंड चढायची आणि माझी चढायची नाही, हे काही केल्या मला सोसवेना.

गाड्या आम्ही एकाच वर्षी घेतल्या होत्या, त्याही एकाच बनावटीच्या. तो अलिबागेला राहायचा, आम्ही रेवदंड्याला. आमचा सुपारीचा व्यापार. सासुरवाडी खिंडीपलीकडे, पोयनाडच्या बाजूला. थोरली मुलगी त्याला दिलेली, धाकटी मला. त्या दिवाळीला आम्ही नवराबायको तिकडे निघालो आणि खिंडीच्या निम्म्यावर माझी गाडी धापा टाकत बंद पडली. बायको मुकाट्यानं उतरली, पदर खोचला आणि चालू लागली. तेवढ्यात मागून साडू आला. मेव्हणी त्याच्यामागे ऐटीत बसलेली. भोंगा वाजवून, हात हलवून दोघं वर निघून गेली. बायको त्या वळणाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. पुढच्या खेपेला हिला खिंडीत उतरू द्यायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

दोन गाड्यांत फरक होता तो फक्त दात्यांचा. चेन ज्या दोन दातेरी चाकांवर फिरते त्यातलं मागचं मोठं, आणि इंजिनाकडची ती लहान चकरी. चकरीला दाते जास्त असले की गाडी सपाटीवर पळते आणि चढावर रडते. दाते कमी असले की चढ चढते, पण पळायचं नाव काढत नाही. माझी चकरी जास्त दात्यांची होती, कारण गाडी घेताना मी ती आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ओहोटीच्या वाळूवर पारखली होती. आमच्या किनाऱ्याला टांग्याचा घोडा असो की सायकल, पारख वाळूवरच व्हायची. ओहोटी लागली की ओली वाळू अशी घट्ट बसते की जिल्ह्यात तसा रस्ता नव्हता. तिथं माझी गाडी वाऱ्यासारखी गेली होती आणि मी खूश होऊन घरी आलो होतो. समुद्राच्या काठी खिंड नसते, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

होळीला साडू आमच्याकडे आला तेव्हा आम्ही वाळूवर गाड्या काढल्या. मी त्याला पार मागे टाकलं. त्याचं तोंड उतरलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. वाळूवर कोणाची बायको उतरून चालते?

मग मी रेवसहून बोट धरून मुंबईला गेलो. सुट्या भागांच्या दुकानात एक म्हातारा गुजराती शेट बसला होता.

"रस्तो कसला तुमचा?" त्यानं विचारलं.

"साडूची गाडी खिंड चढते," मी म्हणालो.

"आणि मागे वजन किती बसते?"

"साडूची बायको माझ्या बायकोपेक्षा चांगली भरलेली आहे, तरीसुद्धा चढते."

"अरे शेट, मी तुमच्या गाडीचं विचारते. साडूला काय मी ओळखते?" तो वैतागला. "लहान चकरी देते, पण ती सपाटीवर पळणार नाय. मग इकडे येऊन रडायचं नाय."

रडलो नाही, पण दिवस वाईट गेले. कमी दात्यांची लहान चकरी बसवली, चेन तेवढी आखूड करून घेतली. खाऱ्या वाऱ्यानं तिला गंज चढू नये म्हणून होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल चोपडलं, तेव्हापासून गल्लीतली मांजरं गाडीभोवती बसू लागली. नागावच्या वाड्यांमधून जाताना इंजिन बोंबलायचं फार आणि गाडी जायची थोडी. एकदा एका टांगेवाल्यानं मला मागे टाकलं आणि वर घोड्याला शाबासकी दिली. मी दात ओठ खात गाडी रेटत राहिलो. माझी सारी भिस्त खिंडीवर होती.

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला आणि सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी अनारशांच्या वाणाला बोलावलं. खिंडीच्या पायथ्याशी बायको सवयीनं उतरायला लागली. "बसून राहा," मी म्हणालो. गाडी चढू लागली. संथ, पण कुठं अडखळणं नाही. पहिलं वळण गेलं, दिवाळीची जागा गेली. माझा ऊर भरून आला होता.

आणि पुढच्या वळणावर साडू दिसला. त्याची गाडी तापून उभी होती, शर्ट घामानं चिकटला होता. मेव्हणी बोचकं काखेत मारून पायी चालली होती. खरं सांगतो, लग्नात झाला नव्हता एवढा आनंद मला त्या वेळी झाला. मी भोंगा वाजवला. चांगला लांबलचक वाजवला.

पाठीवर थाप पडली. "थांबवा हो."

"आता कशाला? वर जाऊन थांबू."

"थांबवा म्हणते ना! ताई चालतेय."

मी थांबवली. ती उडी मारूनच उतरली. म्हणाली, "दिवाळीला ताईनं थांबावं असं किती वाटलं होतं मला. एवढंसं तर चालायचं होतं दोघींनी. भोंगा वाजवत गेली निघून." आणि ती धावत बहिणीकडे गेली. मेव्हणीनं बोचकं खाली टाकून तिला मिठीत घेतलं. एकीच्या बोलण्यात दुसरीचं बोलणं मिसळत दोघी रस्ता सोडून करवंदांच्या जाळीत शिरल्या.

आम्ही दोघे साडू दोन गाड्यांपाशी उरलो.

"जास्त दात्यांची मोठी चकरी बसवली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "होळीला तुमची गाडी बघितली, तेव्हापासून झोप नव्हती. वाळूवर चालवून बघितली, काय पळाली!"

मला हसू आलं नाही. गाड्या रिकाम्या होत्या, त्याचीही निवल्यावर वर आली. माथ्यावर आम्ही पुष्कळ वाट पाहिली. दोघी आल्या त्या ओच्यात करवंदं घेऊन, जिभा जांभळ्या करून, हसत. मी गाडी सुरू केली, तर बायको म्हणाली, "आम्ही उतरणही चालतच येतो. तुम्ही व्हा पुढे."

आम्ही पुढे झालो. सासऱ्यांनी पायांवर पाणी घातलं, पाट मांडले. जावई दोन, पाट चार.

"मुली कुठायत?" त्यांनी विचारलं.

साडूनं माझ्याकडे पाहिलं, मी साडूकडे. त्या दुपारी शेजारचा पाट रिकामा बघताना मला मेव्हणीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा साडूचा कधीच वाटला नव्हता.