साडूंचं दावं

माझ्या साडूंइतक्या अटी घालून फुकट वस्तू देणारा माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. लातूरला ते तंत्रनिकेतनात शिकवत. गोणपाटावर भिजत घातलेल्या सोयाबीनचा मोबाइलवर फोटो काढला, की किती दाणे उगवले ते मोजून सांगणारं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं आणि जगाला देऊन टाकलं. सोबत नऊ पानांचा परवाना. वापरा, बदला, वाटा. पण या युक्तीवर आपलं पेटंट सांगून कुणावर दावा ठोकलात, तर त्याच दिवशी तुमचा हक्क संपला. साठ दिवसांत दावा मागे घेतला, तर हक्क परत. लग्नाच्या पंगतीत हे कलम ते इतक्या प्रेमाने समजावत, की त्यांच्या शेजारचं पान नेहमी रिकामं राही. घरची शिडीसुद्धा ते याच अटीवर देत. एकदा शेजारी गच्चीवर चढून गमतीने म्हणाला, शिडी आमचीच की. साडूंनी शिडी काढून घेतली. दावा मागे घेतल्यावरच तो खाली उतरला.

हदगावच्या एका शेतकऱ्याने परवाना वाचून घेतला आणि विचारलं, "सर, मोबाइलला दावं कशाला लावायचं म्हणून राहिले?" दाव्याचं त्याने गुरं बांधायचं दावं केलं होतं. आम्ही सुशिक्षित लोक पोट धरून हसलो. साडू हसले नाहीत. "बरोबर हाय की," ते म्हणाले. "मोकळ्या सोडलेल्या गाईला जो दावं लावील, त्याचं दूध बंद."

पुढे नांदेडला माझ्याच घरी, जेवताना, मी चारचौघांत बोलून गेलो, की दाणे फोटोवरून मोजायची कल्पना मूळ माझी. साडूंनी वरणभात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा हक्क आजपासून संपला. साठ दिवस हायेत."

मी सोयाबीन पेरत नाही, पुस्तकं वाचतो. माझं काय अडणार होतं? पण त्यांचा दर रविवारचा फोनही बंद झाला. तो कोणत्या कलमात बसतो, ते मी नऊच्या नऊ पानांत शोधलं. साठाव्या दिवशी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. शिकलेल्या माणसाला माघारीसाठीही नेमके शब्द लागतात. ते जुळेपर्यंत साडूच गेले.

तेराव्याला मेहुणीने त्यांचा संगणक उघडून दिला. परवान्याच्या तळाशी एक ओळ वाढवलेली होती. तारीख आमच्या त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची. "साडूभाऊंच्या दाव्याला मुदत नाही. सोडतील तेव्हा सोडतील."

दावा की दावं, ते 'दाव्याला' या शब्दावरून कळत नाही. मी पडद्याकडे बघत हळूच म्हणालो, कल्पना तुमचीच होती.

"काही म्हणालात का, दाजी?" मेहुणीने आतून विचारलं.

वाचतोय, म्हणालो.